चॉकलेटला ढाळ

…दहा मिनिटं! नाही, मला एवढंच विचारायचंय, ही दहा मिनिटं मोजतं कोण? कुठल्या घड्याळात? मी सकाळी साडेनऊला हात धुवून स्वयंपाकघरात शिरलो, तुम्हाला सांगतो, आणि बाहेर आलो तेव्हा चार वाजायला आले होते. माझ्या कोपरापर्यंत खजूर होता, भिंतीवर खजूर होता, पंख्याच्या एका पात्यावर खजूर होता, ते पातं आता बाकीच्या दोन्हींपेक्षा जड झालंय, पंखा लावला की लंगडतो. आणि पोरगी फोनवरून अजून म्हणतेय, "बाबा, अरे किती सोपं आहे, ओव्हन नको, भट्टी नको, यात भाजायचं काही नाहीच. दहा मिनिटांचं काम!" ती बसलीय सहाशे किलोमीटर लांब, ऑफिसच्या खुर्चीत, कानात बोंडं घालून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, तसं. उंट तिचा आणि शेळी मी.

काय करत होतो म्हणाल, तर चॉकलेटचे बार. ओट्स घालून. बार म्हणजे काय, तर साबणाच्या वडीएवढे तुकडे. त्यात साखर नाही, लोणी नाही, मैदा नाही, ओव्हन नाही. एवढे नन्नाचे पाढे ऐकल्यावर मी पोरीला विचारलं, बाई गं, मग आहे काय त्यात? तर म्हणाली, "पौष्टिक आहे." आता पौष्टिक हा काय जिन्नस झाला? पण मी गप्प बसलो, कारण गरज मला होती, आणि गरजवंताला अक्कल नसते.

मी फरशी बसवणारा माणूस. एकतीस वर्षं झाली, गुडघ्यांवर उभं आयुष्य गेलं. स्वयंपाकघरं म्हणाल तर मी शेकड्यांनी पाहिलीत, पण सगळी वीतभर उंचीवरून. ओट्याच्या वर काय चालतं ते आमचं खातंच नव्हे, ते हिचं. आणि खरं सांगायचं तर ओट्याच्या खालचंही हिचंच. कसं ते ऐका, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्यात एक पद्धत आहे. कुठलंही काम संपलं, सांधे भरून झाले, फरशी पुसून लखलखीत झाली, की मालकाला बोलवायच्या आधी मी हिला बोलवतो. ही येते, दारात चपला काढते आणि अनवाणी चालते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सावकाश, बोलत नाही, खाली बघतसुद्धा नाही. आणि मध्येच थांबते. "अहो, ही वर आहे." मी म्हणतो, काही वर नाही, लेव्हलची बाटली लावून बघितलंय. "केसभर वर आहे." मी बाटली लावतो, बाटलीतला तो बुडबुडा बरोब्बर मधे. मी म्हणतो, बघ. ती म्हणते, "मला काय बघायचंय, माझ्या पायाला लागतंय." मग मी चिडून, पाय आपटत, मोठी पट्टी आणतो, डोळा जमिनीला लावतो… आणि असते, हो! केसभर वर असते! एकतीस वर्षांत एकदाही चुकली नाही ती बाई. माझ्या कामाचं जे काही नाव झालं ना, ते हिच्या तळपायाचं आहे. हे मी तिला कधी बोललो नाही, तुम्हाला सांगतोय, बाहेर बोलू नका.

तर अशी ही. फरशीत खोट काढेल, भाजीत खोट काढेल, शेजारणीच्या पडद्यात खोट काढेल, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईच्या केसांत खोट काढेल. लग्नात मला म्हणाली होती, हार घालताना, हळूच, "तुमचा फेटा डावीकडे झुकलाय." पहिलं वाक्य! मी एकतीस वर्षं देवाला म्हणत होतो, एक दिवस, फक्त एक दिवस हिला काहीतरी पसंत पडू दे.

देव ऐकतो, तुम्हाला सांगतो. म्हणून मागताना सांभाळून मागावं.

महिन्यापूर्वी हिच्या छातीत दुखलं. मी जिन्याची फरशी अर्धी टाकून धावलो. चार दिवस दवाखाना, हृदयाच्या नळीत जाळी बसवली. डॉक्टर माझ्यापेक्षा लहान पण शांत माणूस. मी त्यांना विचारलं, साहेब, बसवलेली हलणार तर नाही? म्हणाले, "तुमच्या फरशीपेक्षा पक्की आहे." तिथे मला पहिल्यांदा बरं वाटलं. आपल्या कामाबद्दल असं बोलणारा माणूस खोटं काम करत नाही. घरी आणली तिला. जाळी पक्की, नाडी पक्की, सगळं पक्कं. पण खोट काढायची थांबली.

तुम्हाला वाटेल, मग काय वाईट झालं? मलाही पहिले दोन दिवस तसंच वाटलं. मी सूप केलं, म्हणजे पाकीट फोडून गरम पाण्यात टाकलं. कसं झालंय? "चालेल." खिडकी उघडी ठेवू का बंद? "चालेल." उघडी चालेल की बंद चालेल? "कसंही चालेल." तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम चादर उलटी घातली. शिवण वर. हिच्या डोळ्यासमोर घातली, दोनदा झटकली. "चालेल." जेवण म्हणाल तर दोन घास, आणि ताट बाजूला. डॉक्टर म्हणाले, "काळजी हृदयाची नाही आता. त्या जेवत नाहीयेत, वजन उतरतंय. मन उठलंय त्यांचं. असं चालू राहिलं तर परत दाखल करून घ्यावं लागेल." मन उठलंय! उखडलेली फरशी मी बसवू शकतो, उठलेलं मन कशावर बसवायचं? त्याला कोणता माल लागतो?

मग मी एक गोष्ट केली. सांगायला लाज वाटते पण सांगतो. स्वयंपाकघराच्या दारातली एक फरशी मी काढली आणि परत बसवली, काडीभर वर. ठेच लागेल एवढी नाही हां, आगपेटीची काडी असते ना, तेवढीच. पण हिच्या पायाला म्हणजे ढोल वाजल्यासारखं कळायला हवं. ती दुपारी पाणी प्यायला उठली. मी पेपर उलटा धरून बघतोय. तिचा पाय पडला त्या फरशीवर… आणि पुढे गेली. काही नाही. परत येताना पडला. काही नाही. मला म्हणाली, "पेपर उलटा धरलात, पण असू दे." आणि जाऊन झोपली. आठ दिवस! आठ दिवस ती त्या फरशीवरून ये-जा करतेय आणि एक शब्द नाही. तुम्हाला सांगतो, दवाखान्यात नाही घाबरलो एवढा मी त्या आठ दिवसांत घाबरलो. माझी माणसं ओळखायची अक्कल बेताची, पण एवढं कळत होतं की हिच्या तळपायाला फरशी लागत नाही म्हणजे ही घरात नाहीच आहे.

आणि एकच धागा हातात होता. दवाखान्यात, अर्धवट गुंगीत, ती एकदा म्हणाली होती, "चॉकलेट खावंसं वाटतंय." बस्स, एवढंच. महिन्याभरात तिने स्वतःहून मागितलेली एकच गोष्ट. मी धावत आहाराचं बघणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विष मागतोय. "विकतचं नाही. त्यात साखर किती, लोणी किती, बघितलंत कधी? घरी करा. ओट्स, खजूर, काळं चॉकलेट, पातळ थर. दिवसाला एक तुकडा, चांगलं खाल्लं तर दुसरा." मी म्हटलं, घरी कोण करणार? त्या म्हणाल्या, "घरी कोण असतं?"

पोरीला फोन लावला. तिने यादी पाठवली, आणि खाली लिहिलं, दहा मिनिटांचं काम.

पहिली दहा मिनिटं गेली ओट्समध्ये. दुकानदार विचारतो, "अख्खे, जाडे की बारीक?" मी म्हटलं, म्हणजे खडी, जाड वाळू आणि बारीक वाळू? तो बघतच राहिला. म्हटलं, द्या तिन्ही, दोन दोन किलो, दहा टक्के तूट धरून. आमच्या धंद्यात असंच असतं, कापाकापीत थोडं वाया जातंच, जास्तीचा माल घ्यावा. घरी येऊन पिशव्या मांडल्या तेव्हा पोरगी फोनमधून ओरडली, "बाबा! दीड कप लागतात! तू काय घोडा पाळलायस?" आजही कपाटात ओट्स आहेत, तुम्हाला हवे असतील तर सांगा, पिशवी घेऊन या.

दीड कप. बरं, कुठला कप? आमच्याकडे चहाचे कप सहा, सहाच्या सहा वेगवेगळ्या मापाचे. पोरगी म्हणते, "कप म्हणजे मापाचा कप." अगं पण माप म्हणजे कोणाचं माप? शेवटी म्हणाली, "बाबा, कुठलाही एक घे आणि सगळं त्यानेच मोज." हे मला पटलं. एक घमेलं सिमेंट, चार घमेली वाळू, घमेलं तेच पाहिजे. हे आधी सांगायला काय झालं होतं?

मग खजूर. वीस खजूर, बिया काढून. मी वीस मोजले, बिया काढल्या, बिया मोजल्या, तर एकोणीस. परत मोजल्या, एकोणीस. म्हणजे एका खजुरात बी राहिली, आणि ही उद्या दाताखाली घेणार. वीसच्या वीस खजूर उलगडून बघितले, तेव्हा ध्यानात आलं की विसावी बी माझ्या शर्टाच्या बाहीला चिकटलीय. मग कोमट पाण्यात भिजवायचे, मग मिक्सर. झाकण दाबून धरायचं असतं हे यादीत नव्हतं. यादीत नव्हतं, मी शपथेवर सांगतो! बटण दाबलं आणि खजूर उडाला, भिंत, छत, पंखा, मी. आवाज तर असा झाला की खालच्या मजल्यावरचा माणूस गॅलरीत आला. आतल्या खोलीतून हिचा आवाज आला, "काय झालं?"

मी वाट पाहिली. पूर्वी असा आवाज झाला असता तर ती केव्हाच दारात उभी राहिली असती, पदर खोचून, आणि मला स्वयंपाकघरातून हाकललं असतं. मनातल्या मनात म्हटलं, ये, ये आणि हाकल. तोंडाने म्हटलं, काही नाही.

"बरं," म्हणाली.

ते "बरं" पोरगीनेही ऐकलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, अजून खजूर आहेत ना?" म्हटलं, आहेत की. दहा टक्के तूट धरून आणलेत.

पुढचं काम मात्र माझ्या हातातलं निघालं. ओट्स, खजुराचा लगदा, शेंगदाण्याचं ते लोण्यासारखं वाटलेलं, कोको. कालवायचं. कालवणं ही काही मला शिकवायची गोष्ट नाही. परातीत सुक्याचा ढीग केला, मधे खड्डा केला, ओलं खड्ड्यात, आणि कडेकडेने आत ओढत गेलो, आमच्या गवंडीकामाच्या थापीने. थापी नवी कोरी होती, तीनदा गरम पाण्याने धुतलेली, उगीच तोंडं वाकडी करू नका. पोरगी म्हणाली, "बाबा, ती थापी आहे?" म्हटलं, तू तुझ्या ऑफिसातलं बघ. मग चौकोनी डब्यात कागद घालून त्यावर ते मिश्रण पसरलं. "आता घट्ट दाब, नाहीतर कापताना सुटेल." दाब म्हणाली ना? रबरी हातोडा आणला, त्याला प्लास्टिक गुंडाळलं, फळी ठेवली आणि ठोकलं. कोपऱ्यातून मधे, मधून कोपऱ्यात. वरून बोटाने वाजवून बघितलं, कुठे पोकळ वाजत नाही ना. नव्हतं. भरीव, नंबर एक. आणि मी स्वतःवर खूश होऊन थापीचा शेवटचा हात फिरवला. तिथेच घात झाला, पण तो मला पुढे कळला.

आता वरचा थर, चॉकलेट वितळवायचं. पातेल्यात पाणी, त्यावर वाडगं. म्हणजे गॅस पेटवायचा. मी म्हटलं, तू तर म्हणाली होतीस गॅस नको? "बाबा, मी म्हणाले भाजायचं काही नाही. हे भाजणं नाहीये, वितळवणं आहे." असले वकील घरातच निपजले, आम्ही कोणाकडे दाद मागायची? बरं, वितळवलं. छान, चकचकीत झालं. पण मला वाटलं जरा घट्ट आहे. आणि माल घट्ट वाटला की एकतीस वर्षं हा हात काय करतो? पाणी मारतो. डोकं विचारात पडायच्या आधी हात जातो. शिंपडलं, चार बोटांनी, थोडंसंच.

तुम्ही कधी तारीख उलटलेलं सिमेंट पाहिलंय? गोणी उघडावी आणि आत गोळे, खडे, कोरडी कचकच? तसं झालं ते! डोळ्यादेखत! चकचकीत होतं ते मातीचं ढेकूळ झालं. ढवळावं तर चमचा उभा राहतो. पोरगी विचारते, "बाबा, तू पाणी घातलंस?" थेंबभर. "बाबा! चॉकलेटला पाण्याचा थेंब लागायचा नाही!" अगं मग ते पाण्यावर कशाला ठेवायला सांगितलंस? "पाण्यावर, बाबा. पाण्यात नाही."

मी त्या ढेकळाकडे बघत उभा राहिलो, आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. चॉकलेट तेवढंच होतं. बाकी सगळ्यात तूट धरली आणि यात धरली नाही, कारण बाईंनी सांगितलं होतं, पातळ थर. मला वाटलं संपलं. तिने एक गोष्ट मागितली आणि माझ्या हातून तिचीही माती झाली. पोरगी म्हणाली, "बाबा, रडू नकोस, दूध गरम कर. चमचा चमचा घाल आणि ढवळत राहा. थोड्या पाण्याने बिघडतं, पण जास्त ओलं घातलं की परत सुटतं." म्हटलं, हा कुठला न्याय? पण घातलं. एक चमचा, दोन, तीन, हात भरून आला, चौथा… आणि बसलं हो नीट! गुळगुळीत! जिवात जीव आला. मी ते वाडगं डब्यावर ओतलं आणि चॉकलेट निघालं चालत. सगळं! एका कोपऱ्याकडे!

कारण काय असेल? ढाळ! मी त्या ओट्सच्या थराला ढाळ दिला होता. शेवटचा हात फिरवताना, सवयीने, न्हाणीघरात देतो तसा, पाणी मोरीकडे जायला. मी त्या गोड पदार्थाला मोरीच्या दिशेने उतार दिला होता! लेव्हलची बाटली लावून बघितली तर बुडबुडा बरोब्बर तेवढा सरकलेला, जेवढा सरकायला हवा. उत्तम ढाळ. एका कोपऱ्यात बोटभर चॉकलेट आणि समोरच्या कोपऱ्यात ओट्स उघडे, टक्कल पडल्यासारखे. पोरगी हसून हसून खुर्चीवरून घसरली, तिचा साहेब येऊन विचारून गेला काय झालं म्हणून.

"आता फ्रिजमध्ये ठेव, दोन तास." दोन तास? दहा मिनिटांच्या कामात दोन तास? "ते कामात धरत नाहीत, बाबा, तुला काय करायचंय त्यात, नुसतं थांबायचं." नुसतं थांबायचं! महिनाभर मी दुसरं काय करत होतो? दर दहा मिनिटांनी फ्रिज उघडून वाजवून बघत होतो. ठक. ठक. शेवटी आवाज भरीव आला तेव्हा काढलं, गुण्या लावला, म्हणजे तो आमचा काटकोनाचा, दोरी धरली, सोळा तुकडे पाडले. एकसारखे, सूतभर फरक नाही. सांधे भरायचा मोह झाला होता, आवरला.

एका बशीत दोन तुकडे ठेवले, एक जाड चॉकलेटचा, एक टकला, आणि आत घेऊन गेलो. फोन शर्टाच्या खिशात, कॅमेरा बाहेर, कारण पोरीला बघायचं होतं. ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. म्हटलं, ऐकलंस का, जरा बघतेस? वळली. बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या कपाळावर खजूर होता तिकडे पाहिलं. उचलला एक, जाड चॉकलेटचा. अर्धा तोडला, तोंडात घातला आणि चावायला लागली.

तुम्हाला सांगतो, मोठमोठ्या मालकांनी माझं काम तपासलंय, पण कुणाच्या तोंडाकडे मी असा टक लावून उभा राहिलो नाही. ती चावतेय… चावतेय… मी तिच्या जबड्याकडे बघतोय. देवाला म्हटलं, मागचं मागणं परत घे. मला "छान" नको. मला "चालेल" तर मुळीच नको. गिळलं. राहिलेला अर्धाही तोंडात गेला. कपाळाला एक आठी पडली, बारीक, मधोमध, एकतीस वर्षांची माझ्या ओळखीची आठी.

म्हणाली, "ओट्स भाजले नव्हते?"

मी म्हटलं, अगं, यात भाजायचं काही नाहीच!

"कोणी सांगितलं? कच्चे लागतायत. आधी कोरडे भाजायचे, मंद आचेवर, वास सुटेपर्यंत. आणि मीठ कुठाय? गोडात चिमूटभर मीठ लागतं एवढंही कळत नाही? आणि हे…" दुसरा तुकडा उचलून उजेडाकडे धरला, टकला, "हे चॉकलेट एकीकडे पळालंय. अहो, तुम्ही याला ढाळ दिलात की काय?"

खिशातून पोरगी ओरडली, "आई बोलतेय! बाबा, आई बोलतेय!" आणि मी तोंड फिरवून उभा, कारण डोळ्यांना धार लागली होती. ही म्हणते, "आता तुम्हाला काय झालं?" म्हटलं, कोको गेला डोळ्यांत. "दोन्ही डोळ्यांत? उभं राहून काय बघताय, धुवा." आणि बोलता बोलता तो टकला तुकडाही तिच्या तोंडात गेला, मी बघितलं. दिवसाला एक, चांगलं खाल्लं तर दुसरा. खाल्ला, पूर्ण खाल्ला, आणि बोटं चाटली. मी देवाला, डॉक्टरांना, दुकानदाराला, सगळ्यांना मनात हात जोडले.

मग पाय खाली सोडले तिने. "सरका. बघू दे काय करून ठेवलंय माझ्या स्वयंपाकघराचं." म्हटलं, तू पडून राहा, मी आवरतो. "तुम्ही आवरताय म्हणूनच उठतेय." आणि निघाली, अनवाणी, सावकाश. मी मागे मागे. दारात पोहोचली, त्या फरशीवर तिचा पाय पडला, आणि थांबली.

"ही कधी काढणार आहात?"

मी म्हटलं, कुठली?

"ही. काडीभर वर आहे. आठ दिवस झाले, पहिल्या दिवसापासून टोचतेय मला."

मग बोलली का नाहीस गं? मी म्हटलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. म्हणाली, "बोलायला जोर लागतो हो. नव्हता अंगात. म्हटलं, आला की सांगू." आणि पुढे एकदम सुरू, "आणि चादर उलटी होती. आणि ते सूप म्हणजे मीठ घातलेलं गरम पाणी होतं. आणि खिडकी बंद हवी होती, महिनाभर मान धरलीय माझी. आणि पेपर सरळ धरून जरी लपलात ना, तरी तुमचे पाय दिसतात." एक विसरली नव्हती, तुम्हाला सांगतो! महिन्याभराचं सगळं ओळीने साठवून ठेवलं होतं. मी तिथेच दारात उकिडवा बसून ऐकत होतो, आणि एवढं मोकळं मला कुठल्याही कौतुकाने कधी वाटलं नव्हतं. ती पंख्याकडे बघायला वर मान करतेय तेवढ्यात मी हातोडा-छिन्नी आणायला पळालो.

काढली ती फरशी. खालचा माल खरवडला, नवा पसरला, ठोकली, बाटली लावली, बुडबुडा मधे. तोवर एका बाजूला हिने कढई चढवून ओट्स भाजायला घेतले होते, आणि काय वास सुटला म्हणून सांगू, खरंच भाजायलाच हवे होते. घड्याळ बघितलं. फरशीला किती वेळ लागला असेल? दहा मिनिटं. बरोब्बर दहा! आयुष्यात हे एकच काम दहा मिनिटांचं असतं, आणि ते मला येतं. मी ऐटीत म्हटलं, ये, बघ चालून.

आली. पाय ठेवला. टाच टेकवली, चवडा टेकवला. आठी पडली.

"आता केसभर खाली गेलीय."

काढतोय परत. आणि रविवारी सोळा बार करायचेत, ओट्स भाजून, मीठ घालून, ढाळ न देता, असा हुकूम झालाय.